सतरा वेळा पहिली ओळ

"आवाज असा कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

ताई म्हणाली, "झाला असेल महिना." भावोजी म्हणाले, "दोन तरी झालेच." मी त्यांच्या मागे भिंतीला टेकून, तोंडात मिठाची गुळणी धरून उभा होतो. उत्तर माझ्याकडे होतं, तारखेसकट. आठ महिने. माझ्या कम्प्युटरवर ताईच्या आवाजाची सतरा रेकॉर्डिंग होती आणि चौथ्यापासून पुढे प्रत्येकात ती खरखर होती. ती मी सगळ्यांच्या आधी ऐकली होती. ऐकून तिच्यावर उपायही केला होता. प्रीअॅम्प बदलला होता.

तेव्हा बोललो नाही, म्हणून आता सगळं सांगतो. सांगताना स्वतःला पाठीशी घालणार नाही.

आमचा बँड म्हणजे चार संसारी माणसं आणि ताईच्या घराची मागची खोली. पुढच्या खोलीत ताईचं शिवणकामाचं दुकान. तिथे ती दिवसभर कापड बेतायची आणि रविवारी मागे येऊन गायची. भावोजी चष्म्याच्या दुकानात नोकरीला, ते गिटार वाजवायचे. ड्रमवर क्लच. त्याचं खरं नाव आम्हीही विसरलो होतो, तो गाडी शिकवायचा आणि दिवसभर "क्लच, क्लच, अहो क्लच!" ओरडून घरी यायचा, त्यावरून पडलेलं नाव. मी बासवर. माझं पोटापाण्याचं काम वजनकाटे तपासण्याचं. दुकानादुकानात जायचं, पेटीतून प्रमाण वजन काढायचं, काट्यावर ठेवायचं आणि काटा खरं बोलतो का ते बघायचं. क्लच मला मोजपट्टी म्हणायचा. ताईला मात्र मी सेहेचाळिसाव्या वर्षीही छोट्याच होतो.

इतकी वर्षं आम्ही दुसऱ्यांचीच गाणी वाजवली. मग एका रविवारी ताई म्हणाली, "मी एक केलंय. शब्द माझे, चालपण माझी." आणि डोळे मिटून एकच ओळ गायली:

दिवा इतक्यात लावू नको, उजेड आहे अजून थोडा.

'थोडा'वर आवाज वर चढून तिथेच थांबला, आणि भावोजींचा हात गिटारवर होता तसाच राहिला. बायको आपली, गाणं आपल्याच घरात झालेलं, आणि त्यांना पत्ता नव्हता.

"पुढे?" क्लचनं विचारलं.

"पुढचं रेकॉर्डिंगच्या दिवशी. आत्ता गायले तर तुम्ही तिघं लगेच त्याची चिरफाड करायला बसाल. इथे ताल बदल, तिथे सूर बदल. एकदा अख्खं भरून घेऊ, मग काय गोंधळ घालायचा तो घाला."

हसतहसतच ठरलं. गाणं घरीच रेकॉर्ड करायचं, आणि सामान निवडायचं काम माझ्याकडे. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, त्यातलं कर्म मी.

पुढच्याच रविवारी क्लच एक लहानसा डबा घेऊन आला. ऑडिओ इंटरफेस, दोन माइक लागतील एवढा. माइकमधून निघणारा आवाज इतका बारीक असतो की नुसता घेऊन काही उपयोग नाही. त्याला आधी मोठं करतो तो प्रीअॅम्प, आणि मग कम्प्युटरला कळेल असा करून देतो तो इंटरफेस. क्लचच्या डब्यात दोन्ही होतं. "हे घे. वायर खुपस, बटण दाब, ताईला गाऊ दे. ड्रम मी मागनं भरतो."

मी तो डबा उलटा करून पाहिला आणि परत दिला. "नुसत्या ड्रमला चार माइक लागतात. गिटार, बास, ताई. आठ तरी हवेत."

"अरे, गाडी सुरू तर कर! रस्त्यात शिकशील."

"तुझे शिकाऊ शिकतात तसं? भिंतीवर घालून?"

सगळे हसले. ताईपण. तो डबा खिडकीत ठेवला गेला आणि ताईनं त्यावर दोऱ्याची रिळं टेकवायला सुरुवात केली.

आठ माइकचा इंटरफेस निवडायला मला सव्वा महिना लागला. मी लोकांची मतं वाचली. एक म्हणायचा याचा आवाज उबदार, दुसरा त्याच यंत्राला थंडगार म्हणायचा. तिसरा म्हणायचा दोघेही बहिरे आहेत. शेवटी एक घेतला. तो आल्यावर मला वाटायला लागलं की बाकी सगळं ठीक, पण ताईच्या आवाजासाठी यातला प्रीअॅम्प पुरणार नाही, तिच्यासाठी वेगळा हवा. कुणी म्हटलं नव्हतं. मला वाटलं. ताईचा आवाज आहे, तो असा कसातरी भरायचा नाही. हे मी प्रेमापोटी करत होतो, आणि हेच वाक्य मी आता स्वतःला रोज ऐकवतो.

मग चाचण्या सुरू झाल्या. ओळखीपाळखीतून एकेक प्रीअॅम्प आणायचा, काही दुकानातून परत करायच्या बोलीवर. दर वेळी सगळं तंतोतंत तेच. ताईचं स्टूल जमिनीवर खुणा करून ठेवलेलं. तोंडापासून माइकपर्यंत फुटपट्टीनं नऊ इंच. फ्रीज बंद, कारण त्याची घरघर येते. दोनदा तो चालू करायला विसरलो आणि भावोजींनी नासलेलं दूध मुकाट्यानं ओतून दिलं. ताईनं पहिली ओळ म्हणायची. 'थोडा' संपला की मी हात वर करून म्हणायचो, "पुरे."

एवढंच. मला तुलनेला एकच ओळ पुरत होती.

"छोट्या, एकदा पुढचं गाऊ दे की रे," ती दुसऱ्या की तिसऱ्या वेळी म्हणाली. "जिभेवर आलेलं असतं."

"रेकॉर्डिंगच्या दिवशी. तूच म्हणालीस ना?"

"मी म्हणाले ते खरं. पण तो दिवस उजाडू दे की." मग आपणच हसली. "तू मोजत बस. मी एव्हाना कापून, शिवून, इस्त्री करून मोकळी झाले असते."

चौथ्या रेकॉर्डिंगला मला ती ऐकू आली. 'उजेड'च्या 'जे'वर, एक बारीक खरखर. खोलीत बसून ऐकलं तर काही नाही. हेडफोन लावला की आहे. मी तो तुकडा वीस वेळा ऐकला. ताई माझ्या तोंडाकडे बघत स्टुलावर बसली होती.

"काय झालं? माझा घसा आहे का रे?"

"छे गं. प्रीअॅम्पची खरखर आहे. परत करतो हा."

"नक्की?"

"अगं, खोलीत ऐकू येतेय का? नाही ना? मग मशीनच."

तिनं मोठा श्वास सोडला. "बरं बाई. मला वाटलं मीच."

हे शब्दसुद्धा रेकॉर्ड झालेत. त्या दिवशी मी बटण बंद करायला विसरलो होतो.

पुढचे आठ महिने मी त्या खरखरीच्या मागे हात धुऊन लागलो. प्रीअॅम्प बदलला, ती तिथेच. वायर बदलली. माइक बदलला. वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घेतलं. तो बिचारा म्हणाला, साहेब, एवढं चांगलं अर्थिंग मी माझ्या घरीपण केलेलं नाही. एका दुकानदाराला मी त्याचं यंत्र खराब आहे म्हणून इतका बोललो की त्यानं हात जोडले. आणि खरखर दर वेळी थोडी जास्त. मला वाटायचं, जसा प्रीअॅम्प चांगला तशी ती जास्त स्पष्ट दिसतेय, म्हणजे मी जवळ पोचतोय.

मधे एकदा भावोजी म्हणाले होते, "हिचा आवाज सकाळी बसलेला असतो हल्ली. दाखवून येऊ का कुणाला?"

ताई कापड कापत होती, तिनं मानही वर केली नाही. "काही नको. धुळीनं होतं. आणि रेकॉर्डिंगमध्ये येतं ते मशीनचं आहे, छोट्या म्हणालाय. त्याचे कान म्हणजे काटा आहे, काटा."

मी तिथेच होतो. मला बरं वाटलं होतं ते ऐकून.

अकराव्या वेळी क्लच उखडला. मी "पुरे" म्हटल्याबरोबर तो ड्रममागून उठला, ताईला बाजूला सारून माइकसमोर वाकला आणि ओरडला, "एक, दोन, तीन, चार! आता तरी गाऊ दे तिला, मोजपट्टी! नमनालाच घडाभर तेल ओतलंस, नाटक कधी?" दार आपटून गेला आणि पुढचे तीन रविवार आला नाही. मी त्याचं ओरडणं तसंच ठेवलं आणि फाइलला नंबर दिला. अकरा.

सतराव्या वेळी मी अखेर चांगल्यातला चांगला प्रीअॅम्प आणला होता. त्याच्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. ताईनं सुरुवात केली आणि 'थोडा'ला आवाज वर गेलाच नाही. मधेच फाटला. ती थांबली, खाकरली, परत गेली, परत फाटला. या वेळी मी "पुरे" म्हणायच्या आत तिनंच माइकवर हात ठेवला.

"छोट्या, हा मशीनचा नाही रे. हा माझाच आवाज आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे होतो.

डॉक्टर भले होते. त्यांनी ताईसमोर काही म्हटलं नाही. आठवड्यानं रिपोर्ट आल्यावर मला आणि भावोजींना बाहेर सांगितलं, गाठ स्वरयंत्रावर आहे आणि पसरलीय, अख्खं स्वरयंत्र काढावं लागेल. भावोजींनी विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, "सहा-सात महिन्यांपूर्वी लहान असणार. तेव्हा बहुतेक नुसत्या किरणोपचारावर भागलं असतं. आवाज राहिला असता. पण तुम्हाला तरी कसं कळणार?"

भावोजी म्हणाले, "हो, कसं कळणार." मी भिंतीवरचा कान-नाक-घशाचा तक्ता वाचत राहिलो.

ऑपरेशनला बारा दिवस होते. मी त्याच संध्याकाळी खिडकीतली रिळं बाजूला केली, क्लचचा तो लहानसा डबा पुसला आणि ताईसमोर नेऊन ठेवला. "ताई, गा. जसा आहे तसा. फुटपट्टी नको, काही नको. अख्खं गाणं गा."

तिचा आवाज तोवर कुजबुजीएवढा उरला होता. "फाटलेलं कापड मी गिऱ्हाइकाला देत नाही," ती म्हणाली. "माझं मलाही ठेवायचं नाही."

मी हात जोडले. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "नको रे. शेवटचा म्हणून हा नको." मग तपासण्या, रक्त, कागद, या दारातून त्या दारात. त्या बारा दिवसांत चाल विचारून घ्यायचं माझ्या डोक्यात आलं नाही. गुणगुणून दाखव, नुसता सूर सांग, मी बासवर उतरवून ठेवतो, एवढं म्हणायचं होतं. कुणालाच सुचलं नाही. ताईलाही नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. सगळे तसंच म्हणत होते, चांगलं झालं. ताई घरी आली ती गळ्याला भोक घेऊन. त्यावर बांधायला तिनं आपल्या हातानं मऊ कापडाचे रुमाल शिवले, बारीक टिपेचे, कडेला पायपिंग लावलेले. लिहायला तिला वही-पेन दिली होती, पण ते तिला जमेना. बेतायच्या टेबलावर तिनं निळ्या गडद कापडाचा एक तुकडा पसरला आणि त्यावर शिवणाच्या खडूनं लिहायला लागली. लिहायचं, दाखवायचं, तळव्यानं झटकून टाकायचं. गिऱ्हाइकं सरावली. भावोजी रविवारीही चष्म्याच्या दुकानात बसून राहायला लागले. मागच्या खोलीत कुणी जाईना.

मी एकदा माझ्या घरी ती सतराही रेकॉर्डिंग ओळीनं लावली. मधे थांबलो नाही. एकेका ओळीला बारा-तेरा सेकंद. चारेक मिनिटांत नऊ महिने गेले. पहिली तीन स्वच्छ. मग 'जे'वरचा ओरखडा, मग तो पसरत गेलेला. आणि सतरावी सोडून प्रत्येक ओळीच्या शेवटी माझा आवाज, ठणठणीत, पुरे. अकराव्या फाइलीत ताईची खरखरीत ओळ, आणि लगेच त्याच माइकवर, त्याच प्रीअॅम्पमधून क्लच: एक, दोन, तीन, चार. काचेसारखा स्वच्छ. कसलीही खरखर नाही.

ते उत्तर इतके महिने माझ्याजवळ पडून होतं. माझ्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात की काटा चुकला वाटलं तर आधी आपलं वजन तपासा. प्रमाण वजनसुद्धा झिजतं. ते आम्ही मखमलीच्या पेटीत ठेवतो, हातमोजे घालून उचलतो, आणि तरीही दर वर्षी तपासायला पाठवतो. ताईचा आवाज मी प्रमाण धरला आणि काट्यामागून काटे बदलत बसलो. दुसरं काही त्या जागी ठेवून बघावं एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. क्लचनं ती चिडून करून दाखवली होती, आणि मी तिला नंबर देऊन ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप घेऊन ताईच्या दुकानात गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. तिनं मला घराबाहेर काढलं असतं तरी चाललं असतं. खरं तर तेच बरं झालं असतं.

"ताई, मला माहीत होतं," मी म्हणालो. "म्हणजे माहीत नव्हतं, पण मी ऐकलं होतं. चौथ्यापासून. तू विचारलंस आणि मी मशीन म्हणालो. माझ्यामुळे गेला तुझा आवाज."

तिनं हातानंच सांगितलं, लाव.

मी सगळी लावली. ती स्टुलावर बसून ऐकत होती, तोंड वर करून, गायला बसायची तशीच. ओठ हलत होते. क्लच ओरडला तिथे तिचे खांदे हलले. हसताना आता आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. सतरावं संपल्यावर ती उठून टेबलाशी गेली आणि खडू घेतला.

"चौथ्या वेळी मलापण ऐकू आलं होतं."

झटकलं. परत लिहिलं.

"तू मशीन म्हणालास. मला तेच ऐकायचं होतं."

मी टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडलो. कपड्यांवर, खडूवर, सगळ्यावर. आत भांड्यांचा आवाज थांबला; जेवायला घरी आलेले भावोजी सगळं ऐकत असणार, पण बाहेर आले नाहीत. ताईनं मला रडू दिलं. मग माझी मान वर केली, कापड झटकलं आणि लिहिलं, "बास काढ."

तिनं कपाटातून गिऱ्हाइकांच्या मापांची वही काढली. शेवटच्या पानावर गाणं होतं. पहिल्या ओळीखाली, मी कधीच न ऐकलेली दुसरी:

सुईत ओवून होऊ दे आधी हातामधला हा दोरा.

मी क्लचचा डबा जोडला, एक वायर खुपसली, बटण दाबलं. अंतर मोजलं नाही. फ्रीज चालू होता. ताई समोर उभी राहिली आणि तिनं हात हवेत धरला. हात वर म्हणजे सूर वर, खाली म्हणजे खाली. पहिली ओळ मला येत होती, ती वाजवली. मग 'सुईत'. तिचा हात थोडा खाली आला. मी एक सूर वाजवला. तिनं मान हलवली, नाही. दुसरा. नाही. तिसऱ्याला तिनं डोळे मिटले, हो. 'ओवून'ला हात वर गेला, अर्ध्यात अडला, परत खाली आला. मी वाजवत गेलो. हे? नाही. हे? हे का? ती बोट दाखवायची, अजून, अजून थोडं. मग नाही. मग कदाचित. तास गेला, दीड तास गेला. मी एकदाही थांबलो नाही, एकदाही घड्याळ बघितलं नाही. दिवसभर बसायची माझी तयारी होती.

'होऊ दे'पाशी तिचा हात हवेतच राहिला. मी एक सूर वाजवला, तिनं मान डोलावली. तोच परत वाजवला तर नाही म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. ती ओठ हलवत होती, गळ्यावरच्या रुमालाला बोटं लावून, आतून काहीतरी शोधत असल्यासारखी. रुमालाखालून नुसता श्वास येत होता. मग तिनं खडू उचलला.

"चाल गळ्यात होती. गाऊन बघितल्याशिवाय आठवत नाही."

"आठवेल," मी म्हणालो. "घाई नाही. आपण पहिल्यापासून जाऊ."

मी पहिल्यापासून गेलो. दिवा इतक्यात लावू नको. तिनं हात उचललाच नाही. तो टेबलावर होता. तिनं कापड तळव्यानं नीट झटकलं, खडू फिरवून त्याची धारेची बाजू शोधली आणि एकच शब्द लिहिला.

"पुरे."

"ताई, एकदाच अजून," मी म्हणालो. "फक्त एकदा."

तिनं त्याच शब्दाखाली खडूनं रेघ ओढली.